राजांची बखर आणि रयतेची बखर

८ मे २०२५ रोजी कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट यांची पोपपदी निवड होऊन ते लिओ चौदावे झाले आणि पेरू या देशाचे नाव आपल्या धर्मग्रामांतून परिचयाचे झाले. अमेरिकेत जन्मलेल्या या पोपमहोदयांनी आयुष्याची बरीच वर्षे पेरूमध्ये मिशनरी म्हणून वेचली. २०१५ ते २०२३ या काळात ते तेथील चिक्लायो धर्मप्रांताचे बिशप होते. ही भूमी एके काळी इंका सम्राटांची. इंका म्हणजे सूर्याचे पूजक, सोन्याने मढवलेली मंदिरे आणि डोंगरमाथ्यावरची माचूपिचू नगरी, एवढे शाळेतील पुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. परंतु त्या लोकांनी ख्रिस्ती झाल्यावर स्वतःच्या भूतकाळाविषयी काय लिहिले, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. अशा दोन ग्रंथांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. त्यांतून उभा राहणारा प्रश्न नगर-केडगाव परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनाही टाळता येण्यासारखा नाही. तो प्रश्न असा : बाप्तिस्मा न घेता निवर्तलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण आपण कशी सांगायची?

प्रथम थोडा इतिहास. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाने कुझको येथून राज्यविस्तार आरंभला आणि शंभर वर्षांच्या आत अँडीज पर्वताच्या रांगांवर इंकांचे साम्राज्य पसरले. नोव्हेंबर १५३२ मध्ये काहामार्का येथे पिझारोच्या मूठभर स्पॅनिश शिपायांनी अताहुआल्पा राजाला कैद केले व पुढच्या वर्षी त्याला ठार मारले. १५७२ मध्ये तुपाक आमारू या शेवटच्या राजाचा कुझकोच्या चौकात शिरच्छेद झाला. या लोकांना आपल्यासारखी लिपी नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून हिशेब व वृत्तान्त जपण्याची त्यांची पद्धत होती. त्या दोऱ्यांना ‘किपू’ म्हणत. राज्य गेल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने हाती लेखणी घेतली, तेव्हा लिपी जेत्यांची होती आणि धर्मही जेत्यांकडून आलेला होता.

या पिढीतील पहिला मोठा लेखक इंका गार्सिलासो दे ला व्हेगा. त्याचा जन्म १५३९ मध्ये कुझको येथे झाला. आई इंका राजघराण्यातील, वडील स्पॅनिश कप्तान. पुढे वडिलांनी एका स्पॅनिश स्त्रीशी विवाह केला आणि त्याच्या आईला बाजूला व्हावे लागले. वयाच्या विशीत, १५६० मध्ये, तो स्पेनला गेला तो परत आलाच नाही. १६०९ मध्ये लिस्बन येथे त्याचा ‘राजेशाही टीका’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ छापला गेला. बालपणी आईच्या घरी जमलेले वृद्ध नातलग गेलेल्या वैभवाच्या गोष्टी सांगत आणि सांगता सांगता रडत. त्यांतल्या एका वृद्ध आप्ताला प्रश्न विचारून आपण हा इतिहास मिळवला, असे तो सांगतो. परभाषेत लिहिताना मातृभाषेचा एकेक शब्द तो थांबून समजावून देतो आणि स्पॅनिश इतिहासकारांनी तो कसा चुकवला, हे नम्रपणे पण ठामपणे दाखवतो. ग्रंथाच्या नावातील ‘टीका’ ती हीच.

पूर्वजांविषयी त्याची भूमिका स्पष्ट आहे. रोमने जसे युरोपात ख्रिस्ती धर्मासाठी रस्ते बांधून ठेवले, तसे कुझकोने अँडीजमध्ये केले. इंकांनी रानटी चाली मोडल्या, लोकांना शेती, विणकाम व न्याय शिकवला. केवळ बुद्धीच्या बळावर त्यांना एका अदृश्य निर्मात्याची चाहूल लागली होती. म्हणून शुभवर्तमान आले तेव्हा भूमी नांगरून तयार होती. येथे पूर्वजांना अंधारात लोटून दिलेले नाही, आणि लेखक स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती आहे. या विचाराची ताकद पुढच्या काळाने सिद्ध केली. १७८० मध्ये पेरूत दुसऱ्या तुपाक आमारूने मोठा उठाव केला. तो चिरडल्यावर १७८२ मध्ये स्पेनच्या राजाने या ग्रंथाच्या प्रती गोळा करण्याचा हुकूम काढला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची सत्तेला भीती वाटावी, याहून मोठी पावती कोणत्या लेखकाला मिळेल?

तरीही या ग्रंथाचा दोष झाकून चालणार नाही. गार्सिलासोचा इंका राजा कधी अन्याय करीत नाही. इंकांच्या धर्मात नरबळी नव्हता, असे तो आग्रहाने सांगतो. परंतु १९९९ मध्ये युयायाको या ज्वालामुखीच्या ६,७३९ मीटर उंच शिखराजवळ इंका काळात बळी दिलेल्या तीन बालकांचे गोठलेले देह पुरातत्त्वज्ञांना सापडले. जित समाजाचा मुलगा आपल्या घराण्याची अब्रू राखू पाहतो हे समजण्यासारखे आहे. पण अब्रू राखताना ती बालके त्याच्या ग्रंथातून नाहीशी झाली. राजवाड्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच जग या ग्रंथात आहे. रस्ते बांधणाऱ्यांचे हात तेथून दिसत नाहीत.

हे हात ज्याने पाहिले, तो दुसरा लेखक म्हणजे फेलीपे ग्वामान पोमा दे आयाला. तोही स्वतःला खानदानी घराण्यातला म्हणवतो. परंतु त्याचे आयुष्य गावोगाव हिंडण्यात गेले. १६१५ च्या सुमारास त्याने स्पेनच्या राजासाठी सुमारे १,२०० पानांचे एक पत्रच लिहून पूर्ण केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘नवी बखर आणि चांगला कारभार’ असा होतो. त्याचे स्पॅनिश व्याकरण ओबडधोबड आहे. मधूनच केचुआ भाषेची वाक्ये येतात. पण त्यात स्वतः काढलेली ३९८ चित्रे आहेत आणि ग्रंथाचा प्राण त्यांतच आहे. बटाटे पेरणारी स्त्री, पाठीवर ओझे घेतलेला म्हातारा, खाणीकडे हाकलला जाणारा माणूस, फटके मारणारा अंमलदार अशी माणसे तो रेखाटतो. बायकांकडून सक्तीने कापड विणून घेणारा धर्मगुरूही त्याच्या चित्रातून सुटत नाही. इंका काळातील बालबळीही तो लपवीत नाही. चर्चवर प्रेम करणाऱ्याने चर्चमधील अन्याय राजापुढे मांडला, म्हणून त्याच्या श्रद्धेत उणेपणा येत नाही. त्याची सारी तक्रार ख्रिस्ताच्या नावाने आणि गरिबांच्या बाजूने केलेली आहे.

ज्या खाणकामाची चित्रे त्याने काढली, त्यामागे ‘मिता’ ही वेठीची पद्धत होती. ती इंकांच्या काळीही होती. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ती पोतोसीच्या चांदीच्या खाणीला जुंपली. दरवर्षी १३,००० च्या आसपास पुरुष गावे सोडून तेथे जात. या चांदीचा मोठा ओघ व्यापाराच्या वाटेने सुरतेपर्यंत येई आणि टांकसाळीत वितळून तिचे मोगली रुपये होत. १८१२ मध्ये स्पेनच्या संसदेने मिता रद्द ठरवली. ग्वामान पोमाचे पत्र मात्र १९०८ पर्यंत कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पडून होते. १९३६ मध्ये पॅरिसमध्ये त्याची छायाप्रत निघाली, तेव्हा जगाने ते वाचले.

आता आपल्याकडे वळू. गार्सिलासो वारला ते साल १६१६. त्याच साली गोव्यात राचोल येथे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जुनी पुराणे सुटल्यावर वाचायचे काय, या नवख्रिस्ती लोकांच्या मागणीला ते उत्तर होते, आणि ते मराठी ओवीत दिलेले होते. कुझको आणि राचोल यांच्यात दोन महासागर आहेत. पण श्रद्धा नवी आणि बोली घरची, हा पेच दोन्हीकडे एकच होता. पुढे १६८४ मध्ये गोव्यात लोकभाषेविरुद्ध फर्मान निघाले. १७८१ नंतर पेरूत केचुआवर बंदीची कुऱ्हाड आली. दोन्ही भाषा तरल्या. १९७५ मध्ये केचुआला पेरूत राजभाषेचा दर्जा मिळाला.

मात्र स्टीफन्स परदेशी होते. आपल्या माणसांनी लिहिलेले वाङ्मय पुढे एकोणिसाव्या शतकात आले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात केडगाव हे नाव येते, ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. पण ते केडगाव पुणे जिल्ह्यातले, दौंडजवळचे; नगर-पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे आपले केडगाव नव्हे. बाबा पदमनजी, रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई या सर्वांचे ऋण मोठे आहे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधील नगर-राहुरी आपल्या ओळखीची आहे. तथापि, ही मंडळी आली ती अक्षरओळख जुनी असलेल्या घरांतून. धर्मांतराच्या आधी काय होते, हे सांगताना त्यांच्यापाशी वेद, पुराणे, कीर्तने होती. त्या अर्थाने ते आपले गार्सिलासो होत.

नगर जिल्ह्यातील आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्या वाट्याला येसकरीची काठी, मेलेली जनावरे ओढणे आणि सरकारी टपाल घेऊन धावणे आले. वतनाच्या नावाखालची ही वेठ मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. मिता ज्याला समजावून सांगावी लागत नाही, असा वाचक जगात कोठे असेल तर तो येथे आहे. दलित साहित्याने या जीवनाला मराठीत वाणी दिली. पण त्या पूर्वजांतून ख्रिस्ती झालेल्या घरांची कहाणी त्यातही क्वचितच येते. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत मिशनरींची चरित्रे असतात आणि ती असावीतच. ज्या बाईने पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, तिचे मात्र नोंदवहीतील नावच उरते. तिने काय सोडले, काय जपले, गावाने तिला काय ऐकवले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

अशा स्थितीत काही लेखक गार्सिलासोचा मार्ग धरतात आणि पूर्वजांसाठी एखादे हरवलेले राजवैभव शोधू लागतात. तो मोह टाळावा, असे या दोन ग्रंथांच्या तुलनेतून मला वाटते. पूर्वजांचा मान राखण्यासाठी त्यांना राजे ठरवण्याची गरज नाही. ग्वामान पोमाने ओझेवाल्याला ओझ्यासकट चितारले, आणि चारशे वर्षांनंतरही आपण त्या चित्रापुढे थबकतो.

लिहिता येत नव्हते ही सबब पुरेशी नाही. येशूसंघीय होसे दे आकोस्ता यांनी १५९० च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, पेरूतील एका स्त्रीच्या हाती त्यांनी दोऱ्यांचा एक जुडगा पाहिला. तिने आपल्या साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन गाठींमध्ये बांधून आणले होते, आणि वाचून दाखवावे तसे ती एकेक गाठ चाचपत बोलत होती. आपल्या आज्यांपाशी अशा गाठी होत्याच. जात्यावरच्या ओव्या, येशूच्या पाळण्याची गाणी, हरेगावच्या मतमाउलीला केलेले नवस, दुष्काळात सोडलेल्या गावांची नावे या त्या गाठी. त्या उकलून सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. नगरजवळच्या केडगावातून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला काही मिळायचे असेल, तर ते या माणसांजवळ वही घेऊन बसणाऱ्या नातवंडांकडूनच मिळेल. भाषा थोडी ओबडधोबड झाली तरी हरकत नाही.