तात्या सरपंचाचा आवाज आणि बाबूजींचा वारसा

जत्रांच्या दिवसांत मालवणजवळच्या एका वाडीत मालवणी विनोदी नाटक पाहिलं. सरपंच झालेला मुलगा गुणी होता. पण त्याने तोंड उघडलं आणि मंडप हसला तो मच्छिंद्र कांबळींच्या आवाजाला. तोच हेल, शिवीच्या आधी घेतलेला तोच दम. बाबूजी, म्हणजे कांबळी, 2007 साली गेले, तेव्हा हा मुलगा पाळण्यात असेल. त्याने तो आवाज मोबाईलवर पाहून घोटला होता. नाटक संपलं तरी त्याचा स्वतःचा आवाज कसा आहे ते मला कळलं नाही, आणि त्याच रात्री हा लेख लिहायचं ठरलं.

रेवंडीच्या या माणसाने काय केलं? मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी बोलायचा तो घरगडी. 1980 साली गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मधून कांबळींनी तात्या सरपंच होऊन तीच भाषा नाटकाच्या मध्यभागी आणून बसवली आणि पाच हजारांवर प्रयोग केले. 1982 साली ‘भद्रकाली’ ही नाट्यसंस्था काढली, मग ‘पांडगो’, ‘घास रे रामा’, ‘वय वर्षे पंचावन्न’. गावात हमखास हशा मिळवणारी गोष्ट ते शहरात घेऊन गेले नाहीत. जे चालणार नाही असं सगळे सांगत होते, त्यावर त्यांनी पैसे लावले.

त्यांच्यामागे ‘भद्रकाली’ची सूत्रं प्रसाद कांबळींकडे आली. वडिलांच्या वारशाबद्दल मुलाला काय वाटतं, ते मी त्याच्या निर्मितीत शोधतो. 2017 साली त्याने प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणलं. त्यात मालवणीचा शब्द नाही, टाळीची वाक्यं नाहीत, नावावर गर्दी खेचणारा नटही नाही. रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांसाठी भाकरी घेऊन रान तुडवणारी गरोदर आवली, तिच्या पायात रुतलेला काटा, आणि तिची शुश्रूषा करायला देवाने पाठवलेली रखुमाई, लखूबाई होऊन आलेली. एक विठ्ठलाला शिव्या घालते, दुसरी त्याच्यावर रुसून आहे. काट्याची जखम सुकत जाते तशी दोघींची आतली जखम उघडी पडत जाते. शुभांगी सदावर्तेंची आवली कमरेवर हात ठेवून विठूवर तोंड टाकते, तेव्हा मला आमच्या घाटीवरच्या बायका आठवल्या. देवाशी भांडायचा असा हक्क आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्याला असतो. बाबूजींचा वारसा मला इथे दिसला. त्यांचा आवाज न काढता मुलाने त्यांची छाती घेतली.

‘रात्रीस खेळ चाले’पासून मालिकांनी मालवणीला घरोघरी नेलं, पण फोडणीपुरतं.

दशावतार मात्र वारशाचा खरा धडा देतो. नेरूरच्या कलेश्वर मंडळात बाबी कलिंगणांनंतर सुधीर कलिंगण उभे राहिले. 2022 साली तेही गेले, आणि आता सिद्धेश उभा आहे. तिथे पाठ करायला संहिताच नाही. पेटाऱ्याची पूजा होते, आरशापुढे बसून जो तो आपला चेहरा आपण रंगवतो, आख्यान ठरतं आणि राजा पडदा सारून बाकड्याकडे येतो. मृदंगावर थाप पडली की पुढचं वाक्य त्याचं त्यालाच घडवावं लागतं. बापाचं वाक्य तिथे उसनं मिळत नाही. शेकडो वर्षं ज्या जिल्ह्यात ही रीत चालली, तिथली मालवणी नाटकं एका नटाची नक्कल करण्यात अडकावीत, याचा मला राग येतो.

आणि राग नुसता नटांवर नाही. याच मातीतल्या खानोलकरांनी ‘कालाय तस्मै नमः’ लिहिलं, आरवलीच्या दळवींनी ‘संध्याछाया’ लिहिलं. काळोख आणि एकटेपण इथल्या लेखकांना पुरेपूर ठाऊक होतं, पण ते आलं प्रमाण मराठीत. हसायचं ते मालवणीत आणि रडायचं ते पुस्तकी मराठीत, ही वाटणी लेखकांनी केली, नटांनी पाळली आणि आम्ही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तिच्यावर शिक्का मारला. बाबूजींनी भाषेला मधली खुर्ची दिली, आणि आम्ही तिला त्या खुर्चीत बसवून फक्त विनोद करायला लावतो. घरगड्याचं काम याहून वेगळं काय होतं?

मालवणीत शोकांतिका रंगणार नाही, लोक हसतील, असं मला एका नाट्यवेड्या मित्राने सांगितलं. आजोबा गेले तेव्हा माझी आजी त्यांच्या उशाशी बसून एवढंच म्हणाली होती, “आता माका कोण हाक मारतलो?” माजघरात पंचवीस माणसं होती. कोणी हसलं नाही. तात्या सरपंच पुष्कळ झाले. आता कोणीतरी त्या माजघराचं नाटक लिहा, आणि ते तिच्याच भाषेत लिहा.