हिरड्यांचे विकार आणि लेसरचा प्रकाश : एक परीक्षण

एखादी नवी उपचारपद्धती रूढ होऊ लागली की तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताने ती जुन्या साधनांना कालबाह्य ठरविणारी असते. दुसऱ्या मताने ती केवळ बाजारी आडंबर असते. हिरड्यांच्या विकारांवरील लेसर-उपचाराची स्थिती आज अशीच आहे. या दोन्ही मतांची पारख करावी, आणि ती करताना उपचार घेणारा मनुष्य दृष्टीआड होऊ देऊ नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेसरचा इतिहास मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही. थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर-किरण मिळविला. १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध करणारे चंद्रकुमार पटेल हे बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असून पाणी तो चटकन शोषून घेते. मऊ ऊतक कापण्यास तो उपयुक्त ठरतो, तो या गुणामुळेच. डायोड आणि एनडी-याग या लेसरांचा प्रकाश मुख्यतः रक्तातील व कातडीतील रंगद्रव्ये शोषतात. अर्बियम-याग लेसरचा प्रकाश पाणी शोषते. यास्तव ‘लेसर’ हे एकाच औषधाचे नाव नव्हे. एका किरणाविषयी सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर मांडणे, हा या क्षेत्रातील पहिला तर्कदोष होय. उदाहरणार्थ, दाताच्या मुळावरील कठीण कीटण अर्बियम-लेसर काढू शकतो. डायोड-लेसर ते काढू शकत नाही.

आता विकाराच्या स्वरूपाकडे वळू. हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे केलेला प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना सूज आली, आणि दात पुन्हा घासू लागताच ती ओसरली. दातांवर साचणारा जंतूंचा थर हे सुजेचे कारण, हे यातून निःसंशय झाले. सूज खोलवर जाऊन हिरडी व दात यांच्यामध्ये कप्पे पडले आणि हाड झिजू लागले, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो विकार जडतो. तो थर व ते कीटण हातातील हत्याराने किंवा ध्वनिकंपनाच्या यंत्राने खरवडून काढणे हा त्यावरील मूळ उपचार आहे.

या उपचाराला लेसरची जोड दिल्याने अधिक काय साधते, हाच खरा प्रश्न आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली केलेल्या परीक्षणानुसार नुसत्या खरवडण्याने हिरडीची दाताशी असलेली जोडणी सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर सुधारते. प्रकाशसंवेदी रंगद्रव्यासह वापरलेल्या डायोड-लेसरला त्या परीक्षणाने दुबळा पाठिंबा दिला. अन्य लेसरांची जोड देण्यास पुरेसा आधार मिळत नाही, असा निर्वाळा दिला. युरोपीय परिसंघाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात या दोहोंचीही जोड न देण्याची सूचना आहे.

येथे मापनाचा मुद्दा ध्यानी घेतला पाहिजे. कप्प्याची खोली मोजण्याची सळई मिलिमीटरच्या खुणांची असते. हाताचा दाब किंवा सळईचा कोन बदलला की माप बदलते. ज्या लाभाची गणना मिलिमीटरच्या दशांशांत होते, तो सरासरीच्या कोष्टकात दिसला तरी रुग्णाच्या दाताला जाणवेलच असे नव्हे. तथापि विरोधकांनीही मर्यादा ओळखावी. अनेक प्रयोग लहान होते आणि त्यांतील किरणांची शक्ती व अवधी भिन्न होता. पुरावा अपुरा आहे, याचा अर्थ उपचार निरुपयोगी ठरला, असा होत नाही. रक्तस्राव कमी ठेवून मऊ ऊतक कापण्यात लेसरचे साहाय्य निर्विवाद आहे.

हत्याराला भिणारा रुग्ण निदान लेसरच्या नावाने तरी दवाखान्यात येतो, असा एक युक्तिवाद केला जातो. तो क्षुल्लक नाही. परंतु तो रुग्णाच्या मनाविषयीचा युक्तिवाद आहे, हिरडीविषयीचा नव्हे. भीती घालविण्यास बधिर करणारे औषध आणि चार धीराचे शब्दही पुरतात.

या वादाची खरी कसोटी कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत लागते. एका बाजूस समुद्र व होड्या, दुसऱ्या बाजूस उंच इमारती, अशी ही कोळ्यांची वस्ती आहे. तेथून जवळच, कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली; तिचा वृत्तान्त १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी आणि मुखातील विकार यांचा संबंध आपल्याच प्रांतात अशा रीतीने, घरोघर जाऊन, तपासला गेला. तंबाखू आणि मधुमेह हे हिरड्यांच्या विकाराचे मोठे साथीदार आहेत, आणि त्यांवर कोणताही किरण चालत नाही. मिश्री लावणाऱ्या स्त्रीची ती सवय सुटली नाही, तर उपचाराने मिळविलेले फार काळ टिकणार नाही.

हिरड्यांचा उपचार एका बैठकीत संपत नाही. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी व सफाई लागते. पावसाळ्यातील मासेमारीबंदीत ज्या घराची कमाई थांबते, त्या घराने जवळचे पैसे एकाच महाग बैठकीत वेचले, तर पुढील तपासण्या बहुधा चुकतात. म्हणजे दशांश मिलिमीटरच्या आशेपायी अर्ध्या मिलिमीटरची खात्री हातची जाते. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय या वस्तीपासून फार दूर नाही; नियमित सफाईची सोय तेथे असताना तिची वाट रुग्णास दाखविणे हे अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे यातून एक निश्चित कार्य उभे राहते. लेसरने कप्पा किती भरला एवढेच न मोजता, वर्षअखेर किती रुग्ण तपासणीस परत आले, किती जणांची तंबाखू सुटली आणि प्रत्येक घरास किती खर्च आला, हेही मोजणारा प्रयोग श्रमिक वस्तीत व्हावा. त्या कसोटीस लेसर उतरला तर त्याचे स्वागत अवश्य करावे. तोपर्यंत त्याला साहाय्यकाचे आसन द्यावे, मुख्य वैद्याचे नव्हे.