मॉड्युलर सिंथेसायझर : मूलभूत घटक आणि नियंत्रणाचे सौंदर्यशास्त्र

प्रास्ताविक :
मराठीत ‘सिंथेसायझर’ म्हटले की वाद्यवृंदातील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वाद्य डोळ्यांसमोर येते. वस्तुतः या वाद्याचे आरंभीचे रूप असलेल्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये पट्ट्या अनिवार्य नाहीत. त्यातून कोणताही ध्वनी निर्माण करता येतो, म्हणून ते सौंदर्यदृष्ट्या तटस्थ आहे, असेही मानले जाते. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूलभूत घटक :
हे यंत्र म्हणजे स्वतंत्र घटकांचा संच होय. ऑसिलेटर साइन, त्रिकोणी, करवती व चौरस तरंग निर्माण करतो. फिल्टर त्या तरंगांतील काही उपस्वर वगळतो. अ‍ॅम्प्लिफायर ध्वनीची पातळी सांभाळतो, तर एन्व्हलप जनरेटर ध्वनीचा उदय, स्थिती व विलय घडवितो. हे घटक वायरींनी परस्परांस जोडले जातात. मात्र या यंत्राचे मर्म व्होल्टेज-नियंत्रणात आहे. एका घटकाचा व्होल्टेज दुसऱ्या घटकाचे बटण फिरविल्याप्रमाणे कार्य करतो. सेकंदास पाच-सहा आवर्तनांचा मंद तरंग ऑसिलेटरला दिल्यास स्वर कंप पावतो. तोच फिल्टरला दिल्यास नादाचा पोत बदलत राहतो.

नियंत्रणाचा प्रश्न :
१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनी स्वतंत्रपणे अशी यंत्रे घडविली. दोहोंतील बरेच घटक समान होते. मुख्य भेद नियंत्रणात होता. मूग यांनी सप्तकास एक व्होल्ट हे प्रमाण आणि पियानोसारख्या पट्ट्या स्वीकारल्या. बुक्ला यांनी त्या टाळून स्पर्शफलक व सिक्वेन्सर यांवर भर दिला. मॉर्टन सबॉटनिक यांची ‘सिल्व्हर अ‍ॅपल्स ऑफ द मून’ (१९६७) ही रचना बुक्लाच्या यंत्रावर, तर वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ (१९६८) ही ध्वनिमुद्रिका मूगच्या यंत्रावर साकारली. पहिलीत नादाचा पोत व गती हाच आशय आहे; दुसरीत परिचित स्वररचनेला नवा नाद लाभतो. दुसरीच्या अफाट यशामुळे लोकमानसात सिंथेसायझर पट्ट्यांशी जोडला गेला.

कार्लोस यांचे कार्य केवळ अनुकरण ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. एका वेळी एकच स्वर देणाऱ्या यंत्रावर प्रत्येक स्वरपंक्ती वेगळी मुद्रित करावी लागे. पुढे ‘ब्यूटी इन द बीस्ट’ (१९८६) मध्ये त्यांनीच बारा समान स्वरांची चौकट ओलांडली.

भारतीय संदर्भ :
हा प्रश्न भारतीय संगीताला अपरिचित नाही. स्थिर स्वरांच्या पट्ट्यांवर मींड व श्रुती साधत नाहीत, हा हार्मोनियमवरील जुना आक्षेप; १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली होती. व्होल्टेज सलग असतो. त्याच्या बारा पायऱ्या नेहमीच्या पट्ट्या पाडतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूगचे यंत्र स्थापन झाले. तेथील १९६९ ते १९७२ मधील ध्वनिमुद्रणांचे संकलन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाखच्या यशापलीकडील वाटा भारतातही चोखाळल्या गेल्या होत्या, याची ते साक्ष देते.

समारोप :
सारांश, तटस्थता असलीच तर ती घटकांपुरती आहे. व्होल्टेज कोणाच्या हाती व कोणत्या साधनाने द्यावयाचा, हे ठरताच सौंदर्यदृष्टीची निवड झालेली असते. म्हणून अशा संगीताच्या समीक्षेत नादाच्या नवलाईइतकाच नियंत्रणाचाही विचार होणे अगत्याचे आहे.