धूसर न होणारा रस्ता : ‘टँजरिन’ आणि मोबाइलचा कॅमेरा

लघुपटाच्या कार्यशाळांत मी अनेक वर्षे मुलांना सांगत आलो, ‘गोष्ट असेल तर मोबाइलसुद्धा पुरतो.’ दाखला ठरलेला : शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’. २०१५ साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट आयफोन ५एसवर, सुमारे एक लाख डॉलरांत झाला. या लेखासाठी तो पुन्हा बारकाईने पाहिला, आणि माझे वाक्य अर्धवट होते हे कबूल करणे भाग पडले.

कथा एका दिवसाची. लॉस एंजेलिस, नाताळचा आदला दिवस. तुरुंगातून सुटलेल्या सिन-डीला मैत्रीण अलेक्झांड्राकडून कळते, की प्रियकराने आपल्याला फसवले. दोघीही पारलिंगी स्त्रिया, दोघीही देहविक्रय करणाऱ्या. सिन-डी त्या दुसऱ्या बाईच्या शोधात शहर पालथे घालते. अलेक्झांड्रा संध्याकाळच्या आपल्या गाण्याची आमंत्रणे वाटत फिरते.

इथे मोबाइल काय करतो? मोठ्या कॅमेऱ्यात चेहरा स्पष्ट ठेवून मागचे जग सहज धूसर करता येते. फोनचा संवेदक लहान. त्यामुळे जवळचे आणि दूरचे, दोन्ही स्पष्ट उमटते. सांता मोनिका बुलेव्हार्डवरच्या पाट्या, बसथांबे, वाटसरू या दोघींच्या मागे पुसले जात नाहीत. ज्या रस्त्यावर त्यांचे पोट आहे, तो रस्ता चौकटीत त्यांच्याइतकाच हजर राहतो. फोनवर बसवलेल्या जोडभिंगामुळे मिळालेली लांबरुंद चौकट ही एरवी भव्य चित्रपटांची मिरास. ती इथे या दोघींच्या वाट्याला येते. नंतर गडद केलेला नारिंगी रंग दारिद्र्याच्या ठरावीक करड्या छटेला नकार देतो.

पण हे सारे ‘कोणालाही जमेल’ असे नव्हते. बेकर यांचा हा पाचवा पूर्ण लांबीचा चित्रपट होता. ध्वनिमुद्रण व्यावसायिक साधनांनी झाले. आणि कथेचा कणा कितना किकी रॉड्रिग्ज व माया टेलर यांच्या ओळखीच्या जगातून आला. फोनने खर्च वाचवला; ऐकण्याची मेहनत वाचवली नाही.

माझी एक तक्रार उरतेच. सिन-डी डायनाला शहरभर फरफटत नेते, तेव्हा कॅमेऱ्याची चपळाई आणि दणदणीत संगीत त्या हिंसेची गंमत करून टाकते. डायनाही त्याच धंद्यात पिचलेली आहे, याकडे चित्रपट थोडा उशिराच पाहतो.

शेवट मात्र सारे सावरतो. धावत्या गाडीतून कोणी सिन-डीच्या अंगावर मूत्र फेकते. लाँड्रीत कपडे धुतले जात असताना अलेक्झांड्रा स्वतःचा टोप काढून तिच्या डोक्यावर चढवते. तोवर सतत पळणारा चित्रपट इथे थांबतो.

पुढे ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ (२०१७) बेकर यांनी ३५ मिमी फिल्मवर केला. फक्त अखेरचा प्रसंग डिस्नेच्या उद्यानात गुपचूप आयफोनवर टिपला. म्हणजे फोन निव्वळ स्वस्त म्हणून नव्हे, तर मोठा कॅमेरा जिथे पोचत नाही तिथे पोचतो म्हणून. मुलांना आता मी आधी विचारतो, ‘तुम्हाला जायचे कुठे आहे, आणि तिथली माणसे तुम्हाला ओळखतात का?’ कॅमेऱ्याचे नंतर बघू.