श्वास, जिव्हा आणि रचना : रेकॉर्डर या वाद्यासाठी होणाऱ्या संगीतरचनेचा विचार

एखाद्या वाद्यासाठी रचना करणे म्हणजे त्या वाद्यातून निघू शकणाऱ्या स्वरांची यादी समोर ठेवून त्यांतून मधुर ओळी जुळविणे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. भाषेच्या क्षेत्रातील एका जुन्या भ्रमाशी तिचे जवळचे नाते आहे. शब्दकोश हाती आला म्हणजे भाषा हाती आली असे मानणाऱ्यास त्या भाषेत वाक्य करता येत नाही. कारण कोणता भेद त्या भाषेत अर्थवाहक आहे आणि कोणता नाही हे कोश सांगत नाही, व्याकरण सांगते. वाद्यालाही असे व्याकरण असते. युरोपातील रेकॉर्डर हे सुषिर वाद्य या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. नादाच्या लहानमोठेपणाचा जो भेद अर्वाचीन युरोपीय संगीताच्या मोठ्या भागास आधारभूत आहे, तोच या वाद्यास जवळजवळ नाकारलेला आहे. या नकाराशी रचनाकार कसा वागतो, यावरच त्याच्या रचनेचे मोल अवलंबून राहते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

प्रथम वाद्याची घडण पाहणे आवश्यक आहे. रेकॉर्डर हा जातीने आपल्याकडील अलगुजाचा सगोत्र होय. तोंडाशी बसविलेल्या लाकडी ठोकळ्यामुळे एक अरुंद वायुमार्ग तयार होतो. वादकाचा श्वास त्यातून नेमक्या दिशेने जाऊन समोरच्या धारेवर आदळतो व नाद उत्पन्न होतो. नळीस समोर सात आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी आठ छिद्रे असतात. नेहमीच्या उपयोगातील स्वरांचा पल्ला सुमारे दोन सप्तके आणि वर एक स्वर इतका असतो. आडव्या बासरीत वादक ओठांची ठेवण व फुंकरीचा कोन बदलून स्वर सावरू शकतो. येथे वायुमार्ग कारागिराने कायमचा ठरवून दिलेला असल्यामुळे ओठांना तशी सत्ता उरत नाही. फुंकर जोराची केली तर नाद मोठा होतो, पण त्याबरोबर स्वरही चढतो. फुंकर हलकी केली तर नाद लहान होतो, पण स्वर उतरतो. नादाचा लहानमोठेपणा आणि उंचनीचपणा ही आपल्या संगीतशास्त्राने निरनिराळी मानलेली दोन लक्षणे या वाद्यात एकाच दोरीने बांधलेली आहेत.

यास दोन गोष्टींची जोड द्यावी लागते. रेकॉर्डरचे खालचे स्वर स्वभावतः क्षीण असतात आणि वरचे प्रखर. म्हणजे स्वराच्या उंचीबरोबर त्याचे वजनही ठरून जाते. शिवाय वाद्यागणिक काही जागा अडचणीच्या असतात. आल्टो रेकॉर्डरवरील वरचा तीव्र ‘एफ्’ हा स्वर साधण्यासाठी वादकास नळीचे खालचे तोंड गुडघ्यावर टेकवून बंद करावे लागते. केवळ कागदावर रचना करणाऱ्यास असा स्वर शेजारच्या स्वराइतकाच सुलभ वाटतो. वादकास मात्र तेथे आसनच बदलावे लागते.

या सर्वांवरून रेकॉर्डर हे सदोष वाद्य होय, असा निष्कर्ष एके काळी काढला गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आडव्या बासरीने त्याची जागा घेतली आणि पुढे दीर्घकाळ ते मुख्य प्रवाहाबाहेर राहिले. विसाव्या शतकात आर्नल्ड डॉल्मेच यांनी इंग्लंडमध्ये हे वाद्य नव्याने घडविण्यास आरंभ केला. 1925 मध्ये त्यांनी हॅझलमियर येथे सुरू केलेल्या उत्सवामुळे ते पुन्हा श्रोत्यांसमोर आले. पुढे त्याचा शाळांतूनही प्रसार झाला. पुनरुज्जीवनामुळे वाद्य परत आले; परंतु त्याचे व्याकरण आपोआप परत आले नाही. पियानोच्या सवयीने लिहिणारा रचनाकार एका लांबलेल्या स्वराखाली नाद हळूहळू वाढविण्याचे चिन्ह सहज घालून जातो. वादकापुढे तेव्हा दोनच मार्ग उरतात : चिन्हाचे पालन करून बेसूर व्हावे, किंवा सुरात राहून चिन्हाची उपेक्षा करावी. अशा रचनेत रेकॉर्डर हा दुबळी बासरी म्हणूनच ऐकू येतो. हा दोष वाद्याचा नसून परक्या भाषेत आपल्या भाषेचे व्याकरण लादणाऱ्याचा आहे.

मग या वाद्यात अर्थवाहक भेद कोणता? या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि नेमके उत्तर सिल्व्हेस्त्रो गानासी याच्या 1535 मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या ‘फोंतेगारा’ या ग्रंथात मिळते. वाद्याने मनुष्यकंठाचे अनुकरण करावे अशी त्याची भूमिका आहे; आणि हे अनुकरण साधण्यासाठी तो वादकाच्या जिभेकडे वळतो. प्रत्येक स्वराचा आरंभ कोणत्या अक्षराने करावा याचे त्याने तीन वर्ग केले आहेत : ‘ते-के’ हा कठोर, ‘ते-रे’ हा मध्यम आणि ‘ले-रे’ हा मृदू. ध्वनिविचाराच्या अभ्यासकास या वर्गीकरणातील सुसंगती तत्काळ जाणवेल. पहिल्या जोडीत दोन्ही व्यंजने स्पर्श आहेत, म्हणजे श्वासाचा मार्ग प्रत्येक वेळी पूर्णपणे बंद होतो. दुसरीत पूर्ण अवरोधानंतर कंपित व्यंजन येते. तिसरीत पार्श्विक आणि कंपित यांची जोडी असल्यामुळे श्वास कोठेच पूर्ण अडत नाही. कठोरापासून मृदूपर्यंतची ही श्रेणी वस्तुतः अवरोधाच्या प्रमाणाची श्रेणी आहे. 1707 मध्ये ओतेतेर या फ्रेंच वादकाने आपल्या बासरीविषयक ग्रंथात ‘त्यु’ आणि ‘र्यु’ यांचा जो विचार केला, तो याच परंपरेत बसतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या स्वरापूर्वी किंचित अधिक अवकाश सोडला जातो आणि ज्याचा आरंभ दृढ अवरोधाने होतो, तो स्वर फुंकर न वाढविताही कानास वजनदार वाटतो. आघाताचे काम येथे कालाने होते. मराठी वाचकास हे तत्त्व अपरिचित नाही. मराठीत केवळ आघाताच्या स्थानावरून शब्दाचा अर्थ पालटत नाही, आणि आपली वृत्ते आघातावर नव्हे तर लघुगुरूंवर उभी आहेत. तरीही त्यांत जोर नाही असे कोणी म्हणणार नाही. रेकॉर्डरचे छंदःशास्त्र याच कुळातले आहे.

या व्याकरणाची पूर्ण जाणीव असलेला रचनाकार म्हणून याकोब व्हान आइक याचे नाव घ्यावे लागते. जन्मांध असलेला हा सरदारकुलीन कलावंत उट्रेख्त येथे घंटावादक होता. नळीतील अथवा घंटेतील नादाचे घटक ओळखण्यात त्याचा अधिकार असा होता, की घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंना घंटा सुरात लावण्याच्या कामी त्याचे मार्गदर्शन लाभले. 1649 मध्ये त्याच्या वेतनात वाढ करताना, चर्चच्या आवारात फिरावयास येणाऱ्या लोकांना त्याने अधूनमधून आपल्या छोट्या बासरीवादनाने रिझवावे, अशी अट घालण्यात आली. ‘डेर फ्लॉयटेन लुस्टहॉफ’, म्हणजे बासरीचे प्रमोदवन, हा त्याचा संग्रह 1640 नंतरच्या दशकात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या वाद्यासाठी सुमारे दीडशे रचना आहेत. त्यांतील बहुसंख्य रचना लोकांच्या ओठांवरील गीते व धर्मगीते घेऊन केलेल्या आहेत. मूळ चाल प्रथम सरळ मांडावयाची आणि मग प्रत्येक आवर्तनात तिचे दीर्घ स्वर अधिकाधिक लहान स्वरांत फोडत जावयाचे, ही त्याची पद्धती.

या पद्धतीत नादाच्या लहानमोठेपणाची गरजच निर्माण होत नाही. चालीची तीव्रता वाढते ती स्वरांच्या दाटीने. डाउलंडच्या ‘लाक्रिमे’ या प्रसिद्ध रचनेवर व्हान आइकने केलेली रूपांतरे येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. त्या चालीचा आरंभ क्रमाने उतरणाऱ्या चार स्वरांनी होतो. रेकॉर्डरवर स्वर उतरला की नादही क्षीण होतो. त्यामुळे जो विलय इतर वाद्यांवर वादकास प्रयत्नपूर्वक आणावा लागेल, तो येथे नळीच्या घडणीतूनच प्रकट होतो. शोकाचा आविष्कार आणि वाद्याचा स्वभाव यांचे असे ऐक्य क्वचितच आढळते. व्हान आइकची प्रत्येक रचना या योग्यतेची आहे असे मात्र म्हणता येणार नाही. काही ठिकाणी स्वर फोडण्याची क्रिया यांत्रिक होते आणि अखेरच्या आवर्तनात बोटांच्या चपळाईपलीकडे काही उरत नाही. त्याच्याच ‘फान्तासिया आणि प्रतिध्वनी’ या रचनेत क्षीण नादाची प्रत्यक्ष मागणी आहे. तेथे मंद फुंकरीने उतरणारा स्वर वादकाने बोटांची निराळी मांडणी करून सावरावा लागतो. सूक्ष्म कौशल्याने हे साधते. परंतु तेथे वाद्य आपल्या मर्यादेच्या काठावर उभे असते.

प्रतिध्वनीचा हाच प्रश्न योहान सेबास्टियन बाख याने वेगळ्या रीतीने सोडविला. 1721 मध्ये अर्पण केलेल्या ब्रान्डेनबुर्ग संवादकांपैकी चौथ्यातील मंदगती भागात सर्व वाद्यमेळ एक वाक्य उच्चारतो आणि त्याचा प्रतिध्वनी दोन रेकॉर्डर व एक व्हायोलिन एवढेच देतात. येथे कोणाही वादकाने फुंकर मंद करावी असा आग्रह नाही. क्षीणता येते ती वाद्यांची संख्या घटल्याने. व्हान आइकने जे ओझे वादकाच्या बोटांवर टाकले, ते बाखने रचनेच्या मांडणीवर घेतले. रचनाकाराचे कर्तव्य काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे.

विसाव्या शतकात या व्याकरणाचे पृथक्करणच रचनेचा विषय झाले. लुचानो बेरिओ याने 1966 मध्ये फ्रान्स ब्र्युखेन या डच वादकासाठी ‘जेस्ती’ ही रचना केली. तिच्या आरंभी बोटांची हालचाल आणि तोंडाची क्रिया यांचे लेखन स्वतंत्र आहे. बोटे एका ठराविक आकृतीची आवर्तने करीत राहतात. तोंड आपल्या वेगळ्या क्रमाने फुंकते, थांबते, पुढे कंठध्वनीही मिसळते. परिणामी कोणता नाद निघेल हे आधी सांगता येत नाही. वर्णाचे स्थान, प्रयत्न आणि घोष यांत पृथक्करण करणाऱ्या ध्वनिशास्त्रज्ञाची ही दृष्टी होय. या रचनेवर केवळ विक्षिप्तपणाचा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात. जिव्हा आणि बोटे यांचा मेळ हाच या वाद्याचा प्राण असल्यामुळे त्या मेळाचा भंग येथे अर्थपूर्ण ठरतो. ज्या वाद्यात तो मेळ गौण आहे, त्यावर हीच युक्ती निष्फळ झाली असती. परंतु हेही मान्य केले पाहिजे, की या रचनेचा प्रभाव श्रोत्याच्या पूर्वसंस्कारावर अवलंबून आहे. ज्याने मेळ ऐकलेला नाही, त्यास भंग कळत नाही.

अलीकडच्या काळात वाद्याची घडणच बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. सरकता ठोकळा, अधिक चाव्या, ध्वनिवर्धक यांच्या साहाय्याने नादाचा लहानमोठेपणा मिळविता येऊ लागला आहे. या साधनांस विरोध करण्याचे कारण नाही. फाउस्तो रोमितेल्ली याने 1994 मध्ये पेट्सोल्ड घडणीच्या चौकोनी खर्ज रेकॉर्डरसाठी रचलेल्या ‘सीस्केप’मध्ये ध्वनिवर्धकाचा उपयोग आहे, परंतु त्याने मोठा केला आहे तो श्वास. वायुमार्गातील जे सूक्ष्म घर्षण दूरच्या श्रोत्यास ऐकू येत नव्हते, तेच रचनेचे द्रव्य झाले आहे. साधन नवे असले तरी वाद्याचे व्याकरण सोडलेले नाही. याउलट, नवे साधन केवळ आडव्या बासरीची बरोबरी करण्यासाठी वापरले गेले, तर तेथे आडव्या बासरीचीच योजना अधिक उचित ठरेल.

रेकॉर्डरसाठी लिहिलेल्या कोणत्याही रचनेस म्हणून एकच कसोटी लावता येते : ती दुसऱ्या सुषिर वाद्यावर वाजविली असता काही हरवते काय? काहीच हरवत नसेल, तर रेकॉर्डरचे नाव त्या रचनेवर केवळ मथळ्यापुरते आहे. ‘लाक्रिमे’ची ती चार स्वरांची उतरण आडव्या बासरीवर अधिक गोलाईने आणि वादकाच्या इच्छेनुसार लहानमोठी करून वाजविता येईल. परंतु मग ती क्षीणता वादकाने आणलेली असेल. रेकॉर्डरवर ती नळीच्याच घडणीतून येते.