रिकाचे निघून जाणे

फुजी टेलिव्हिजनने १९९१ साली प्रक्षेपित केलेल्या ‘टोकियो लव्ह स्टोरी’ या ११ भागांच्या मालिकेतील रिकाला त्यागमूर्ती म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. कांजीचे मन सातोमीकडे ओढलेले आहे हे ती ओळखते आणि एहिमे प्रांतातील समुद्रकाठच्या बाइशिंजी स्थानकावरून, त्याला सांगितलेल्या गाडीच्या आधीच्या गाडीने निघून जाते. हा त्याग नव्हे, प्रेमाची याचना करण्यास दिलेला नकार आहे. मात्र कठड्याला निरोपाचा रुमाल बांधल्यावाचून तिला राहवत नाही. गाडीत ती रडते. ही आसक्ती झाकून तिला देवता केले नाही, याचे श्रेय पटकथाकार युजी साकामोतो यांचे. तीन वर्षांनी टोकियोत भेट होते तेव्हा कांजी विवाहित, रिका एकटी. येथे प्रेक्षक हळहळतो. पण तिने कोठे दया मागितली आहे?