कुंकू
प्रभात फिल्म कंपनीने पुणे येथे निर्मिलेला मराठी बोलपट (१९३७). ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. दिग्दर्शन व्ही. शांताराम व छायालेखन व्ही. अवधूत यांचे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वृद्ध वकील काकासाहेब (केशवराव दाते) यांच्याशी फसवणुकीने विवाह लावून दिलेली नीरा (शांता आपटे) हे पतिपत्नीचे नाते नाकारते.

कॅमेऱ्याच्या अर्थवाही वापराचे ठळक उदाहरण म्हणजे यातील आरशाचा प्रसंग. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत काकासाहेबांचा चेहरा अनेक प्रतिमांनी उमटतो आणि त्या प्रतिमा त्यांचीच हेटाळणी करतात. इतरांची बाजू मांडणारा वकील येथे स्वतःपुढेच निरुत्तर होतो. पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ प्रसंगातील स्वाभाविक ध्वनी योजल्यामुळे भावनेचा भार दृश्यालाच पेलावा लागतो. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील राजगुरूच्या डोळ्याच्या समीपदृश्यात तंत्राची चमत्कृती प्रथम जाणवते. येथे मात्र तंत्र व्यक्तिरेखेच्या अधीन आहे.

अन्याय करणाऱ्यालाही अंतर्मन आहे, हे या प्रसंगातून प्रतीत होते. त्यामुळे काकासाहेब खलपुरुष न राहता करुण ठरतात आणि त्यांची अखेरची आत्महत्या अनपेक्षित वाटत नाही. तथापि नीरेचे बंड मुख्यतः वाणी व अभिनय यांतूनच व्यक्त होते. तिच्या मनाचा असा दृश्यशोध बोलपटात त्यामानाने कमी आढळतो. स्त्रीच्या विद्रोहावरील या कलाकृतीची ही मर्यादा होय.